न दिलेला पास

सोमवार, ५ मे

नाही देणार म्हणजे नाही देणार! हे आधी लिहून टाकते. मग काय झालं ते.

सराव संपवून ना-हरकत पत्र मागायला गेले होते. ते हातात असल्याशिवाय दुसऱ्या क्लबात जाता येत नाही, आणि ते द्यायचं अध्यक्षांनी. आमच्या फारो बास्केटबॉल क्लबाचे अध्यक्ष जारासाहेब सगळा कारभार सिमेंटच्या दुकानातूनच करतात. गोण्यांवर हमाल बसलेले, चहाची दुसरी फेरी चाललेली. मी दारात दिसले मात्र —

"आली बघा माझी गुलाम!"

मी म्हटलं, "काका, पोट सुटलंय. सकाळी सकाळी चवळी चेपलेली दिसते!"

हमाल खूश. हे असं चालायचंच. आम्ही त्राओरे, ते जारा. या दोन आडनावांत पणजोबांच्याही आधीपासून थट्टेचं नातं. रस्त्यात अनोळखी जारा भेटला तरी त्याला चवळीखाऊ म्हणायचं आणि त्याने आपल्याला गुलाम. राग मात्र धरायचा नाही, आणि एकमेकांचं वाईट तर कधीच करायचं नाही. केलं तर ते दोन्ही घरांना बाधतं. हे मी चालायच्या आधी शिकले असेन.

साहेबांनी खण उघडला. पत्र टाइप करून तयार! माझं नाव, तेनिन त्राओरे. जन्मतारीख. 'पॉइंट गार्ड, पाच हंगाम.' म्हणजे चेंडू पुढे न्यायचा आणि बाकीच्यांना वाटायचा, हे माझं काम. फक्त सही नव्हती. मला दाखवलं आणि परत खणात ठेवलं.

"शनिवारपासून फायनल ना? आमच्या न्यागालेला चेंडू देत जा. वीस गुण होऊ देत पोरीचे, मग करतो सही. गुलामाने आधी मालकाच्या घरच्यांना वाढायचं असतं!"

न्यागाले त्यांची पुतणी, आमच्याच टीममधली. हमाल हसले. साहेब हसले. आणि मीसुद्धा हसले! तेच खुपतंय. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी टेबलावर हात आपटला असता. पण जाराच्या बोलण्यावर त्राओरेने रागवायचं कसं? त्यांना हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर त्यांनी ते हसत सांगितलं.

लुआंडाच्या क्लबाला परदेशी खेळाडूची एक जागा भरायची आहे. त्यांच्यासाठी खेळाडू निवडणाऱ्या दोना झुल्मिराबाई गेल्या वर्षी डाकारला मला बघून गेल्या. आता आमच्या फायनलला येतायत. मी चोवीस वर्षांची आहे. अशी बाई दोनदा येत नाही.

तरीही. पास मोकळ्या खेळाडूला द्यायचा असतो. पुतणीला नाही, भाचीला नाही. मोकळ्या खेळाडूला.

बुधवार, ७ मे

न्यागालेला काही माहीत आहे का, कळत नाही. सरावाला येते, बूट घालते, माझ्या पाठीत धपाटा घालते. "काय गं गुलाम, आज पाणी भरलंस का मालकिणीचं?" मी म्हणते, "तुझ्या तोंडाला चवळीचा वास येतोय, लांब हो." रोजचंच.

ती वीस वर्षांची. हात लांबच लांब. डावीकडून नेम चुकत नाही. बचावात मात्र झोप काढते. कोच सुंगालो ओरडून ओरडून घसा बसवून घेतात — "न्यागाले, तू अडवायचीस ती कुठाय? बाजारात गेली का?"

आज तिला मी चार पास दिले. घरी येताना वाटलं, चारच का? मोकळी तर जास्त वेळा होती. की नव्हती? मला आता नक्की सांगता येत नाही, आणि याचीच भीती वाटते.

शुक्रवार, ९ मे

वीज नाही, वारा नाही. उद्या.

शनिवार, १० मे

जिंकलो! ६१–५४. सिगी क्लबच्या मुली दांडग्या आहेत, पण पळत नाहीत. आम्ही पळालो. तिनांतला एक सामना खिशात, अजून एक हवा.

नेहमीचा हिशेब. बरोबर दिलेले पास एकवीस. चुकून दिलेले तीन (एक सरळ रेफरीच्या छातीवर!). द्यायला हवे होते पण दिले नाहीत — दोन. दोन्ही कोरोचे. कोरो आमची सगळ्यात उंच. रिंगखाली उभी असते आणि चेंडू आला नाही तर मला नावं ठेवते. आजही ठेवली. "तुला मी दिसत नाही? मला? घरावर घर ठेवलंय इतकी मी!"

न्यागालेचे गुण सहा. तिच्यावर आज सतत कुणीतरी होतं. हे खरं आहे. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

साहेब पहिल्या रांगेत होते. सामना संपल्यावर लांबूनच बोटं दाखवली — सहा! आणि हसले.

मी एक बोट हलवलं. नाही!

रविवार, ११ मे

हमालांनी आमच्या अख्ख्या वस्तीत, लाफियाबुगूत, सांगितलंय. सकाळी पावाला गेले तर पाववाला म्हणतो, "तेनिन, वाकू नकोस." मासेवाली जेबूमावशी तर रस्त्यातच उठून उभी राहिली. हातात सुरी तशीच. "साहेब म्हणे पुतणीला भरव म्हणाला? आणि तू सहाच दिलेस? शाबास गं माझ्या वाघिणी!" वर एक मासा फुकट.

मी म्हटलं, "मावशी, ती काल मोकळीच नव्हती."

"हो हो," असं म्हणून तिने डोळा मारला.

मला हे आवडलं. लिहायलाच हवं म्हणून लिहिते — खूप आवडलं. मासा घेताना मान जरा उंचच होती. लोक म्हणतात तशी मी झाले तर काय वाईट? कुणीतरी साहेबांना नाही म्हणायला हवंच ना!

बाबांनी शाळेत घालायच्या आधी दोन वर्षं घरीच शिकवलं. पाटीवर चुकलं तर पुसायचं नाही असा नियम. चूक तशीच ठेवायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. आता ते सेगूच्या शाळेवर असतात, पण या वहीत मी अजून खोडत नाही. म्हणून वरची वाघीण तशीच राहू देते. शेजारी बरोबर काय लिहायचं ते आज सुचत नाही.

मंगळवार, १३ मे

आईजवळ बसले होते. ती कापडं रंगवत होती, हात कोपरापर्यंत जांभळे. एकदाचं सगळं सांगायचं ठरवलं होतं. साहेब, खण, पत्र.

दुसऱ्या वाक्यालाच तिने थांबवलं. "तो काय म्हणाला ते मला नको सांगूस."

"अगं पण ऐक तरी —"

"मोकळं कोण होतं, एवढं सांगत जा. पॉइंट गार्डला बाकी काय करायचंय?"

तिला बोलणं सोपं आहे. ती स्वतः अकरा वर्षं याच जागेवर खेळली, तेव्हा लुआंडा नव्हतं, पत्रं नव्हती. लग्न झालं की बूट माळ्यावर. मला तिनेच शिकवलं, याच अंगणात. डोक्यावर पाण्याची परात द्यायची आणि चालायला लावायची. मान हलवायची नाही, पाणी सांडायचं नाही. "आता सांग, डावीकडे कोण आहे? उजवीकडे? काय करतंय?" मी सात वर्षांची. रडायचे. मग एके दिवशी दिसायला लागलं. मान न हलवता सगळं अंगण दिसायला लागलं.

"पिळ ते," म्हणाली आणि कापडाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

शुक्रवार, १६ मे

दोना झुल्मिरा आल्या. हॉटेलच्या ओसरीवर भेटल्या. केस पांढरे, चाल अजून खेळाडूची. माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले, म्हैस बघावी तसे. "चांगले आहेत," म्हणाल्या. "पत्राचं झालं का?"

"होईल."

का म्हटलं मी तसं?

शनिवार, १७ मे

हरलो. ५८–५९. आज लिहिणार नाही.

रविवार, १८ मे

नऊ सेकंद उरली होती. एका गुणाने मागे. चेंडू माझ्याकडे.

मी मधे शिरले. त्यांच्या दोघी माझ्यावर आल्या, दोघी कोरोवर. आणि डावीकडे, रिंगपासून चार पावलांवर, न्यागाले. एकटी. तिच्या आसपास कुणी नाही. तिने ओरडून मागितला नाही. नुसता हात वर केला.

मला ती दिसली.

हे वाक्य लिहायला मला एक दिवस लागला. ती दिसली, आणि तिच्यामागे पहिल्या रांगेत साहेब दिसले, पुढे वाकलेले. आणि वाटलं, आत्ता हिला दिला तर सगळे म्हणतील वाकली. साहेब म्हणतील वाकली. जेबूमावशी म्हणेल. मी कोरोला दिला. तिच्या अंगावर दोघी. चेंडू गेला. शिट्टी.

आणि लोक काय ओरडत होते? माझं नाव! हरलो होतो आणि लाफियाबुगूची सगळी पोरं "तेनिन! तेनिन!" करत होती. एक म्हातारा कठड्यावरून वाकून म्हणाला, "फायनल गेली तरी चालेल पोरी, तू विकली गेली नाहीस!"

कोच सुंगालो माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. हळूच विचारलं, "न्यागाले दिसली नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

सोमवार, १९ मे

आई परवा सामना बघून आल्यापासून बोलली नाही. वाढलं, पाणी दिलं, कापडं वाळत घालायला लावली. संध्याकाळी दोरीच्या पलीकडून म्हणाली,

"मान नाही हलली तुझी. चांगलं शिकवलंय मी. पण डावं पाऊल तिच्याकडे वळलं होतं."

मी पुढचं कापड दोरीवर टाकलं.

"म्हणजे दिसली होती."

"दिसली होती."

"मग मला सांग, तू साहेबाचं ऐकलं नाहीस, हे खरं. पण खेळलीस कुणाकडे बघून? त्याच्याचकडे ना?"

मग कापड झटकलं तिने. थेंब सगळे माझ्या तोंडावर. मुद्दाम झटकलं की काय, विचारायची हिंमत झाली नाही.

मंगळवार, २० मे

गेले न्यागालेकडे. वाटेत दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा म्हटलं, फिरलीस तर बास्केटबॉल सोड!

ती दारातच पाय धूत बसली होती. "या या गुलामबाई! आज घरपोच चाकरी?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुझे काका असं असं म्हणाले. म्हणून मी तुला दिला नाही. तू दिसली होतीस. मुद्दाम दिला नाही.

ती आधी हसायलाच लागली. "काका? अगं ते सगळ्यांनाच म्हणतात! कोरोला म्हणाले होते, न्यागालेचे चाळीस होऊ देत, मग तुला तुझ्याहून उंच नवरा शोधून देतो. कोच सुंगालोंना म्हणाले, न्यागालेला बसवलंस तर तुझ्या घराचं सिमेंट परत नेईन. तू खरं मानलंस?"

"पत्र खणात होतं, न्यागाले. सही नव्हती केली."

"ते वीजबिलावरसुद्धा सही करत नाहीत. चार महिने पडून असतं."

थट्टा होती? मी एका थट्टेपायी फायनलचा सामना घालवला? की तिला तिच्या काकांचं खरं रूप माहीत नाही? मला कळत नाही. आता लिहितानाही कळत नाही.

मग ती हसायची थांबली. पायावर पाणी ओतत राहिली, लोटा रिकामा झाला तरी.

"मला वाटलं मी नीट उभी नव्हते," म्हणाली. "तीन दिवस तेच आठवतेय. पाय कुठे होता, हात कुठे होता. म्हटलं, तेनिन देत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार."

मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. जाराचं वाईट करायचं नाही! आडनावाचं सोडा. एका वीस वर्षांच्या मुलीला तिच्याच पायांवर शंका घ्यायला लावली मी.

"दंड सांग," मी म्हटलं. आमच्यात तशी रीत आहे. ज्याचं बिघडवलं त्याने दंड सांगायचा, आणि दुसऱ्याने तो हूं की चूं न करता भरायचा.

तिने लोटा खाली ठेवला. मग तिचे डोळे चमकले. अल्ला, ते डोळे!

"चवळी," म्हणाली. "मोठं पातेलं भरून. उद्या सरावाला. सगळ्यांसमोर पहिली ताटली तू खायची, आणि खाता खाता हे सगळं सांगायचं."

बुधवार, २१ मे

चवळी रात्री भिजत घातली, पहाटे शिजवली. आई चुलीपाशी आली, पातेल्यात बघितलं, मीठ टाकलं आणि गेली. म्हणजे माफ केलं असावं. की अळणी होती म्हणून फक्त?

कोर्टावर सगळ्या गोल बसल्या. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्राओरे दुसऱ्याला चवळीखाऊ म्हणत आलो, आणि मी मधोमध ताटली घेऊन! पहिल्या घासाला इतक्या ओरडल्या की बाहेर फुटबॉल खेळणारी पोरं आत आली. न्यागाले टाळ्या वाजवत होती. "अजून घे! लाजू नकोस, आपलंच आहे!"

मग मी सांगितलं. सांगताना कुणी हसलं नाही. कोच सुंगालोंकडे वळून म्हटलं, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. दिसली होती."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "मला माहीत होतं. तू कधी सांगतेस ते बघत होतो. शनिवारी पहिली पाच मिनिटं बाकावर बसशील. त्यापुढे नेहमीसारखी."

"बास, एवढंच?" कोरो उसळली. "आणि माझं काय? दोन म्हशी माझ्या अंगावर होत्या, तेव्हा हिने चेंडू माझ्याकडे फेकला! मला मारायचं होतं का हिला?"

मग हसल्या सगळ्या. पातेलं रिकामं झालं. चवळी चांगली लागते, हे मी फक्त इथे लिहिते. कुणाला सांगणार नाही.

शुक्रवार, २३ मे

साहेब सरावाला आले, खिशात हात घालून. मी सरळ समोर गेले.

"काका, खरं सांगा. ती थट्टा होती की नव्हती?"

"बघा, गुलाम मालकाची झडती घेतेय!"

"घेतेच आहे. सांगा."

ते हसत होते, पण डोळे माझ्यावर होते. तेव्हा मीच सांगितलं. हात मागे बांधले. "उद्या न्यागालेला चेंडू मिळेल. ती मोकळी असेल तेव्हा, आणि तेवढ्याच वेळा. वीस झाले तर तिचे झाले, दोन झाले तरी तिचेच. तुमच्यासाठी नाही देणार, आणि तुम्हाला चिडवायचं म्हणून ठेवूनही घेणार नाही."

साहेबांनी पोटावर हात फिरवला. "पोटात गेलं म्हणजे झालं गं. वाढलं कशासाठी, ते जेवणारा कुठे बघतो?"

वाढणारी मी बघते! हे तिथे सुचलं नाही. घरी येताना पुलावर सुचलं. पुलावर एकटीच मोठ्याने म्हटलं. एक मोटारसायकलवाला थांबून विचारतो, "ताई, मला काही म्हणालात?"

शनिवार, २४ मे

हात दुखतायत, पण आजचं आजच.

पहिली पाच मिनिटं बाकावर. लोक ओरडत होते, "तेनिनला घ्या!" त्यांना वाटलं साहेबांनीच बसवलं. मला उठून सांगावंसं वाटत होतं, नाही हो, ही माझीच शिक्षा आहे.

आत गेले. सिगीच्या मुली ठरवूनच आल्या होत्या — कोरोला कोंडायचं. तिच्यावर दोघी, कधी तिघी. मग डावी बाजू मोकळी पडणारच. पहिला पास न्यागालेला. आत! दुसरा. आत! तिसरा चुकला. चौथा आत.

पाचव्या वेळेला आवाज बदलला. आधी कुजबुज. मग एकजण ओरडला — "विकली!" मग दहाजण. मग सगळी लाफियाबुगूची बाजू. "विकली! विकली!" शिट्ट्या. जेबूमावशी ओळखू आली. तिचा आवाज तर मासळी बाजारातून नदीपलीकडे जातो.

तिसऱ्या डावात एकदा न्यागाले पुन्हा तिथेच होती, अगदी त्याच चार पावलांवर, एकटी. आणि माझा हात अडकला. खरंच अडकला. कानात "विकली." एवढ्यात माझ्यावरची मुलगी जवळ आली. तिच्या काखेखालून मी चेंडू जमिनीवर आपटून दिला. न्यागालेने उडीसुद्धा मारली नाही, शांतपणे टाकला.

त्यानंतर मला आवाज ऐकू आला नाही. म्हणजे येत होता, पण लांबून, दुसऱ्या कुणाच्या नावाने आल्यासारखा.

तीनदा ती मोकळी नव्हती. तीनदा नाही दिला. पहिल्या रांगेकडे बघायचं नाही, अशी शपथ घेतली होती. एकदा बघितलं. शपथ मोडली, लिहून ठेवते.

६६–६०. आम्ही विजेते! न्यागालेचे गुण चोवीस.

कोरोने तिला खांद्यावर घेतलं. लोक तिच्याभोवती. माझ्याकडे कुणी आलं नाही. मी बुटाच्या नाड्या सोडल्या, परत बांधल्या, परत सोडल्या. दोना झुल्मिरा वरच्या पायरीवर वहीत काहीतरी लिहीत होत्या.

दिलेले पास चोवीस. चुकून दिलेले दोन. द्यायला हवे होते पण दिले नाहीत — एकही नाही. पाच हंगामांत पहिल्यांदा.

रविवार, २५ मे

पाववाल्याने पाव दिला, बोलला नाही. जेबूमावशीने मात्र तोंड सोडलं. "काय गं, किती दिले साहेबाने?"

"चोवीस गुण," मी म्हटलं. "आणि साहेबाने नाही, मी दिले. न्यागालेला. हवे तर मोजून घे."

"लाज नाही!"

"नाही मावशी. गेल्या शनिवारी वाटायला हवी होती, तेव्हा तू मला मासा देत होतीस."

मी पाव काखेत घेतला आणि निघाले. (मासा गेल्या शनिवारी नाही, त्याच्या आधीच्या रविवारी दिला होता. बोलण्याच्या भरात चुकलं. तिला सांगायला पुन्हा जाणार नाही.)

घरी आईने विचारलं, "मोकळं कोण होतं?"

"न्यागाले."

"आणखी?"

"दोनदा उजवीकडची. तिलाही दिला."

"मग लोक कशाला ओरडत होते?"

"माहीत नाही."

आई हसली. मी तिला इतकं हसताना शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. जांभळ्या हाताने डोळे पुसले, तर सगळं तोंड जांभळं.

मंगळवार, २७ मे

साहेबांचा निरोप. गुरुवारी दुपारी दुकानात या, दोना झुल्मिराही असतील. चांगला झगा इस्त्री केला. मग वाटलं फार होतंय, साधा काढला. मग पुन्हा चांगला.

शुक्रवार, ३० मे

पत्रावर सही झाली. काल, सिमेंटच्या दुकानात, सगळ्यांसमोर, शिक्क्यासकट. नाव — न्यागाले जारा.

लुआंडाला जागा एकच. कोच सुंगालोंनी बाईंना विचारलं, आणि तेनिन? मी तिथेच होते. बाई म्हणाल्या, "दहा नंबर ना? गुणी मुलगी. पण ती फक्त पास देते."

हो. देते.